लिंबाजीबाबांची शीव

जिंतूर तालुक्याच्या पार उत्तरेला, जिथं परभणी जिल्हा संपतो आणि बुलढाणा लागतो, तिथं करंजदरी नावाचं गाव आहे. शिवेपलीकडं शेंदुरखेड. दोन्ही गावांतली माणसं एकमेकांच्या लग्नात पंगतीला बसतात, एकाच बाजारात मिरच्या घेतात. तरी करंजदरीची म्हातारी माणसं अजून शेंदुरखेडला जाताना 'वऱ्हाडात चाललो' म्हणतात, आणि तिकडचे इकडच्यांना 'मोगलाईतले' म्हणतात. त्यात खोटं काही नाही. आज्यापणज्यांच्या काळी इकडं निजामाचं राज्य होतं आणि तिकडं वऱ्हाडात इंग्रजांचा अंमल. करंजदरीची शीव ही नुसती गावशीव नव्हती, दोन राज्यांची हद्द होती.

आपला माणूस ह्याच करंजदरीचा. सिद्धोधन खिल्लारे, पन्नाशी ओलांडलेला, हाडकुळा, उन्हानं रापलेला. सरकारी भाषेत भूकरमापक, गावच्या भाषेत मोजणीवाला साहेब. सेलूकडच्या कपाशीच्या काळ्या रानापासून येलदरीच्या धरणाकाठच्या गाळाच्या जमिनीपर्यंत त्यानं अर्धा जिल्हा पायाखाली घातला. मोजणीवाल्याचं नशीब मोठं मजेशीर असतं. दोन भावांच्या बांधाची मोजणी केली की एक चहा पाजतो आणि दुसरा शिव्या घालतो. आणि मोजणी खरोखर चोख झाली असेल तर दोघंही शिव्या घालतात. सिद्धोधनला बहुतेक ठिकाणी दोघांच्याही शिव्या बसल्या आहेत, आणि हे तो छाती पुढं काढून सांगतो.

पण तो ह्या धंद्यात पडला तो काही जमिनीच्या मायेनं नाही. त्याच्या नावावर जमीन नव्हतीच. तो पडला त्याच्या आज्यापायी.

सिद्धोधनच्या आज्याचं नाव लिंबाजी. दोन गावांत शिवेचा वाद मिटेना, तेव्हा दोन्ही गावांना मान्य असलेल्या माणसानं शीव चालायची, अशी त्या काळची रीत होती. हे काम महारकीच्या वतनात यायचं. गावची शीव दाखवायची, तिच्यासाठी भांडायचं, वेळ आली तर मरायचं, हे सगळं महारवाड्याकडं. चालणाऱ्यानं अंघोळ करायची, दोन्ही शिवारांतल्या मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि ओल्या अंगानं, अनवाणी चालू लागायचं. तो चालेल ती शीव. खोटं चालला तर त्याचा वंश बुडतो, अशी त्याला आण.

लिंबाजीबाबा चालले त्या दिवशी मागं दोन्ही गावं होती. इकडून निजामाचा अमीन, तिकडून वऱ्हाडचा मोजणीदार, दोघं आपापल्या मोजणीच्या साखळ्या घेऊन. बाबा जिथं थांबत तिथं खड्डा, खड्ड्यात कोळसा आणि कोळशावर दगड. कोळसा कशासाठी, तर दगड कुणीही उपटून नेतो, लाकडाला वाळवी लागते. कोळशाला मात्र ना वाळवी खाते ना पाणी कुजवतं. जुने मोजणीदार हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरत, ही गोष्ट ह्या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असते.

टेकडीवरच्या दगडापासून निघालेले बाबा मधल्या माळावर आले आणि गाव म्हणत होतं तसं सरळ जायचं सोडून स्वतःच्याच गावाच्या अंगाला वळले. बरंच आत गेले, मग वळसा घेऊन परत मूळ ओळीला लागले. त्या वळशानं गायरानाचा चांगला तुकडा शेंदुरखेडच्या पदरात पडला.

झालं! करंजदरीची तोंडं उतरली. आण घेतलेल्या माणसाला तोंडावर खोटं म्हणायची सोय नव्हती, पण जिभेला हाड कुठं असतं? गावात दत्तराव म्हणून मोठे बागायतदार आहेत, आज ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या वडिलांनी मारुतीच्या पारावर बसून जाहीर केलं, की लिंबाजीनं वऱ्हाडवाल्यांकडून बकरं घेतलं आणि शीव विकली. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्या दिवशी चालता चालता लिंबाजीबाबांना तहान लागली, तेव्हा ह्याच माणसांनी त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं होतं. पावलावर भरवसा ठेवायचा, हाताचा विटाळ मानायचा, आणि वर हा आळ! सांगतानासुद्धा संताप येतो, आणि तो यावाच.

सिद्धोधनची आई चतुराबाई लग्न होऊन ह्या घरात आल्या तेव्हा लिंबाजीबाबा थकले होते. नव्या नवरीला पहिला आहेर मिळाला तो धुण्याच्या जागी. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "शीव इकणाऱ्याची सून आली गं, धुण्याचे दगड जपा!" बाया खदाखदा हसल्या. चतुराबाईंनी ओलं धुणं तसंच उचललं, घरी येऊन सासऱ्यापुढं आदळलं आणि विचारलं, "मामंजी, खरं काय ते सांगा. बकरं घेतलं का?"

बाबा एवढंच म्हणाले, "न्हाई पोरी. मी वढ्यानं चाललो."

आता त्या माळावर ओढा कुठला? ओढा वाहत होता पार वरच्या अंगाला, कडुलिंबाच्या उंचवट्यापलीकडं. हे बोल गावात पसरले तोवर जुना माळ आठवणारी माणसं फारशी उरली नव्हती, लोक आणखीच हसले. माळावर वढा म्हणे! म्हाताऱ्याला भ्रम झाला म्हणे! बाबा गेले, पण आळ गेला नाही. घर बौद्ध झालं, वतन सुटलं, पोरगा शिकला. तरी भांडणात तोंड सुटलं की करंजदरीत कुणीही म्हणायचं, "तुमच्या घरानं तर शीव इकली." चतुराबाईंनी हे आयुष्यभर ऐकलं. त्यांना वाईट वाटायचं ते वेगळंच. सासऱ्याचा शब्द त्यांनी मानला होता, पण तो ओढा काही त्यांनाही दिसला नव्हता.

सिद्धोधननं मोजणीचं शिक्षण घेतलं ते हे ऐकत ऐकत. साखळी ओढण्यापासून आताच्या उपग्रहाशी बोलणाऱ्या यंत्रापर्यंत सगळं तो शिकला, आणि स्वतःच्या गावची शीव सोडून सगळ्या जगाची मोजत राहिला.

दोन वर्षांपूर्वी ती वेळ आली. करंजदरीला गायरानात गावतळं करायचं होतं. शेंदुरखेडनं हरकत घेतली, की ती जागा आमची. मग दोन्ही जिल्ह्यांच्या मोजणीदारांनी एकत्र येऊन जुनी हद्द कायम करावी, असं ठरलं. सिद्धोधननं वरिष्ठांना आधीच सांगितलं, "माझं गाव आहे साहेब, दुसऱ्या कुणाला पाठवा." पण दोन्ही गावांनी त्याचाच हट्ट धरला. करंजदरीला वाटलं, आपला माणूस आपल्या अंगाला झुकणार. शेंदुरखेडचे सरपंच बन्सीधर म्हणाले, "लिंबाजीबाबाचा नातू हाये. आमाले मंजूर हाये." त्यांचाही हिशेब साधाच होता. आज्यानं तुकडा दिला, नातू कशाला काढून घेईल?

दोन्ही गावं खुशीत, आणि सिद्धोधन मध्ये सापडलेला. शीव सरळ निघाली तर गाव त्याला डोक्यावर घेणार. पण मग आज्यानं शीव विकली ह्यावर त्याच्याच हातानं शिक्का बसणार. वळलेली निघाली तर गाव म्हणणार, आज्यानं विकली आणि नातवानं पावती दिली.

निघताना त्यानं आईला सांगितलं. चतुराबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "नीट मोज. मामंजी चुकले आसतील तर तसं सांग. मी आयकून घेईन. पण नीट मोज."

मोजणीला सारा माळ माणसांनी भरला. फाल्गुन होता, गवत वाळून पिवळं पडलेलं. बुलढाण्याकडून नागनाथ नावाचे मोजणीदार आले होते, शांत, कमी बोलणारे. दोघांनी आपापले जुने नकाशे शेजारी शेजारी ठेवले तर शीव दोन्हींत वळलेली होती, पण वळण कुठं सुरू होतं तेच जुळेना. इकडचा नकाशा इकडच्या मापाचा, तिकडचा तिकडच्या. दोन वेगवेगळ्या शिंप्यांनी एकाच सदऱ्याच्या दोन बाह्या शिवाव्यात तसं झालं होतं. आता आधार एकच, वळणावरचा मूळ दगड.

"दगड हाय की!" दत्तराव काठी उंचावून म्हणाले. "त्यो बघा, म्हसोबा."

कडुलिंबाखाली, उंचवट्यावरच्या ओट्यावर शेंदूर फासलेला दगड होता. हद्दीचा म्हणूनच तो पूर्वीपासून ओळखला जाई, आणि शिवेवरच्या दगडाला शेंदूर लावून म्हसोबा मानणं काही नवं नाही. नागनाथांनी यंत्र लावून पाहिलं. टेकडीचा दगड, हा म्हसोबा आणि पलीकडच्या खोऱ्यातला हद्दीचा दगड, तिन्ही जवळजवळ एका ओळीत.

"बघा, सरळ हाय का न्हाई?" दत्तराव गावाकडं वळले. "आमचा बाप काय खोटं बोलत व्हता? दगड सरळ, चालणाराच तिरपा गेला!"

सिद्धोधनच्या कानशिलांत रक्त तापलं. पण मोजणीवाल्यानं रागावून चालत नाही. त्यानं म्हसोबाला हात जोडले, पुजाऱ्याला विचारलं आणि ओट्याच्या कडेनं दगडाच्या बुडाखाली हात जाईल असा खड्डा घेतला. खाली मुरूम. आणखी खाली पक्का मुरूम, कधीच न हललेला. कोळशाचा कण नाही.

"हा दगड मुळात इथला न्हाई," तो म्हणाला. "इथं कुणीतरी आणून बसवलाय."

माणसं चिडली. देवाला परका म्हणतो म्हणजे काय? तेवढ्यात दत्तरावच बोलून गेले, "आणलाय की. वाजतगाजत आणलाय. मी लहान व्हतो, चुलत्याच्या खांद्यावर बसून बघितलंय. लय मोठा पूर आला, देव पाण्यात आडवा झाला. मग गावानं हलगी लावून देव उचलला आन् उंच जागी बसवला. दर साली पाण्यात ठेवायचा का देवाला?"

एवढं बोलले आणि त्यांनी जीभ चावली. देव मिरवणुकीनं हलवला ते गावानं पाहिलं होतं. त्याच्याबरोबर राज्याची हद्द उचलली गेली, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेंदुरखेडची माणसंही त्या मिरवणुकीत नाचली होती, हे बन्सीधरनी खाली मान घालून कबूल केलं.

दत्तराव मात्र हार मानणारे नव्हते. "बरं, मग कुठं व्हता त्यो? तुमचं मशीन काय बोलायलंय ते आमाला काय कळतंय? तुजा आजा डोक्यावर माती घेऊन चालला व्हता. तूबी घे माती आन् चाल. आमी मानतो."

काहींनी माना डोलावल्या. कुणी सहज म्हणून, कुणी मजा म्हणून. सिद्धोधननं त्यांच्याकडं सरळ पाहिलं.

"आण्णा, माझ्या आज्याला न्हाई म्हणायची सोय नव्हती. मला हाय. मी माती घेणार न्हाई. मी मोजणार, आन् ते तुमाला मानावं लागंल."

नागनाथांनी आपलं यंत्र उचललं आणि येऊन त्याच्या शेजारी उभे राहिले.

बोलला खरा, पण मोजायचं कुठून? सिद्धोधन उंचवट्यावर उभा राहून माळ न्याहाळू लागला. आपल्याच शब्दात तो असा अडकला होता. देव पाण्यात आडवा झाला, दत्तराव म्हणाले. पण ओढा तर उंचवट्याच्या पलीकडच्या अंगाला. माळावर पाणी आलं कुठून? सगळीकडं वाळलेलं गवत. आणि मग त्याला दिसलं. पिवळ्या माळात हरळीचा एक हिरवा पट्टा करंजदरीच्या अंगाला आत शिरला होता आणि वळसा घेऊन परत मूळ ओळीला लागला होता. वरून पाणी नाही, तरी हिरवा. म्हणजे खाली ओल आहे. म्हणजे खाली काहीतरी वेगळं आहे.

आज्याचे बोल त्याच्या कानांत नुसते आठवले नाहीत, धावून आले.

"इथं खणा," तो पट्ट्यात जाऊन म्हणाला.

वर काळी माती निघाली. मग खोरं खर्रकन वाजलं. वाळू, आणि वाळूत गोटे. गुळगुळीत, गोल. सिद्धोधननं एक उचलून दत्तरावांच्या हातात दिला.

"माळावरचे दगड असे आसतात का आण्णा?"

दत्तरावांनी तो हातात फिरवला. शेती केलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. वाहत्या पाण्याशिवाय दगड गोल होत नाही.

मग सगळं उलगडलं. बाबा चालले तेव्हा ओढा इथूनच वाहत होता आणि तीच दोन्ही गावांची, दोन्ही राज्यांची हद्द होती. पुढं तो मोठा पूर आला, ओढ्यानं वरच काठ फोडला आणि उंचवट्यापलीकडून नवी वाट धरली. जुनी वाट गाळानं भरली, तिच्यावर गवत माजलं. त्याच पुरात दगडही पडला आणि देव म्हणून वर गेला. लिंबाजीबाबा वळले नव्हते. ओढा वळला होता, आणि ते ओढ्यानं चालले होते.

पण मोजणीत गोष्ट उलगडून भागत नाही, खूण लागते. वळणाच्या अगदी आतल्या कोपऱ्यात खड्डा घेतला, काही नाही. लोक चुळबुळले. नागनाथांनी आपला नकाशा पाहिला आणि काठाकडं बोट दाखवलं. "खिल्लारे, दगड पाण्यात कोण रोवील? काठावर बघू."

काठावर खणलं. काळी माती, तिच्याखाली मुरूम, आणि मुरमात गोल, काळा डाग. सिद्धोधननं खोरं बाजूला ठेवलं आणि हातानं माती उकरली. बोटं काळी झाली. कोळसा होता. ठिसूळ, कोरडा, जणू आदल्या दिवशी चुलीतून काढून ठेवलेला. नागनाथांनी यंत्र लावलं, इकडच्या नकाशाशी ताडलं, तिकडच्याशी ताडलं. दोन्ही नकाशे त्या एका ठिकाणाहून धरल्यावर नीट बसले. त्यांनी मान हलवली. "हाच."

सिद्धोधन खड्ड्याच्या काठावर बसला आणि सगळ्या गावादेखत रडला. त्याला लाज वाटली नाही. दोन राज्यं गेली, निजाम गेला, इंग्रज गेले, ओढासुद्धा आपली जागा सोडून गेला. त्याचा आजा चालला ती रेघ मात्र जिथल्या तिथं होती.

गायरानाचा तुकडा शेंदुरखेडचाच ठरला. करंजदरीचं तळं आता दुसरीकडं होणार होतं. गावात कुणी भांडलं नाही. भांडायला आता जागाच राहिली नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी दत्तराव काठी टेकत सिद्धोधनच्या दारात आले. चतुराबाईंनी बाज टाकली. ते बसले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "चतुराबाई, झालं गेलं इसरा. आमच्या घरानं लय खोटा आळ घेतला."

चतुराबाईंनी बाज परत उभी केली. "आण्णा, माझ्या दारात येऊन कानात सांगू नका. तुमच्या वडलानं पारावर सांगितलं व्हतं. तुमीबी तिथंच सांगा."

दत्तराव काठी टेकत माघारी गेले. सिद्धोधन म्हणाला, "माय, म्हातारा माणूस हाय. दारात आला तेवढं लय झालं."

"मीबी म्हातारीच हाय," चतुराबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नवा दगड कधी आणि कुणाच्या हातून बसवायचा हे ठरवायला दोन्ही गावं मारुतीच्या पारापाशी जमली. बन्सीधर आपली माणसं घेऊन आले होते. दत्तराव येतात की नाही, अशी कुजबुज चालली होती. ते आले. धुतलेलं धोतर नेसून आले आणि पारावर उभे राहिले. एका अंगाला, जमिनीवर, चतुराबाई उभ्या होत्या. ह्या गावात नांदायला आल्यापासून त्या पाराच्या पायरीला त्यांचा पाय लागला नव्हता. आधी लावू देत नव्हते म्हणून, आणि पुढं कुणी अडवणारं उरलं नाही तेव्हा त्यांनी स्वतःच लावला नाही.

दत्तरावांनी घसा साफ केला. "माझा बाप ह्या पारावरून खोटं बोलला. लिंब्यानं शीव इकली न्हाई. त्यो खरा चालला."

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. झालं एकदाचं, म्हणून कुणी उठायलाही लागलं.

"थांबा आण्णा," चतुराबाई म्हणाल्या. "लिंब्या कोण?"

उठलेली माणसं परत खाली बसली. सिद्धोधननं आईकडं पाहिलं. तिची मान ताठ होती आणि नजर दत्तरावांवरून हलत नव्हती. दत्तरावांची काठी एकदा उचलली गेली, परत खाली टेकली. त्यांनी गावाकडं पाहिलं. गावानं त्यांना सोडवलं नाही.

"लिंबाजीबाबा," ते म्हणाले. आणि मग मोठ्यानं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं, "लिंबाजीबाबा खरे चालले."

चतुराबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. कुणाचा हात न धरता त्या पायऱ्या चढल्या, पारावर ऐसपैस बसल्या आणि जमलेल्या दोन्ही गावांकडं पाहून म्हणाल्या, "हं, बोला आता. दगड कधी बसवायचा?"